आंबा बागायतदारांनो, दिलेली तारीख सांभाळा



आंब्याचा हंगाम म्हणजे कोकणातल्या बागायतदाराच्या घरी लगीनघाईच. सकाळी काढणी, दुपारी प्रतवारी, संध्याकाळी पेट्या भरणे आणि दिवसभर वाजणारा फोन. पूर्वी पेट्या दलालाकडे रवाना केल्या की आपले काम संपत असे. आता पुष्कळ घरे पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट माल देतात. त्यात दोन पैसे अधिक सुटतात हे खरे. पण दलालाला नुसता माल द्यावा लागे, गिऱ्हाइकाला शब्द द्यावा लागतो. तो मोडला की पुढल्या वर्षी गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारी जाते.

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका घरी पडवीत बसलो असता पुण्याहून फोन आला. सात वर्षांचे जुने गिऱ्हाईक. बाई म्हणाल्या, "काका, आज घरी मुंज आहे, पंगतीला आमरस करायचा आहे आणि पेट्यांतले आंबे अजून हिरवे दगड आहेत. तुम्हाला तारीख सांगितली होती ना?"

तारीख सांगितली होती आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेलीही होती. पण त्या दिवशी फळ पिकलेले हवे, तर ते झाडावरून कधी उतरवायचे, हे कोणीच कुठे लिहिले नव्हते. पुढल्या हंगामात त्या बाईंचा फोन आला नाही. त्यांच्या ओळखीने माल नेणारी चार घरेही गेली.

एकेका गिऱ्हाइकाचे एकेक पान

त्या घरची सून शिकलेली. तिने मोबाईलवर ग्राहक-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर घेतले. नाव मोठे असले तरी वस्तू सोपी आहे. वाण्याच्या खातेवहीप्रमाणे त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक पान असते. नाव, पत्ता, फोन, मागे काय नेले, बाकी किती, हे सर्व एके ठिकाणी. खातेवहीत नसलेली गोष्ट म्हणजे त्या पानाला जोडलेली कामे. प्रत्येक कामाला तारीख, ते करणाऱ्याचे नाव आणि आठवणीची वेळ देता येते. सकाळी फोन उघडला की आजची कामे एका यादीत दिसतात, मागे पडलेली वेगळी दिसतात.

चेन्नईच्या झोहो कंपनीने २००५ साली असे सॉफ्टवेअर बाजारात आणले. इतर कंपन्यांचीही आहेत. आपल्याला जे मराठीत लिहिता येईल आणि घरातल्या दोघा-तिघांना वापरता येईल, ते घ्यावे.

तारीख उलटी मोजा

खरी मेख इथे आहे. गिऱ्हाइकाची तारीख नोंदवून भागत नाही. चौदा आणे तयार झालेला हापूस काढल्यावर पेंढ्याच्या अढीत पिकायला हवामानाप्रमाणे साधारण ८ ते १२ दिवस लागतात. तेव्हा मागणी ३० एप्रिलची असेल, तर त्याच पानावर कामे अशी मांडावीत:

१९ किंवा २० एप्रिल : काढणी व अढी घालणे.
२५ एप्रिल : अढी उलगडून पाहणे, डागी फळ बाजूला काढणे.
२८ एप्रिल : रंग धरलेले फळ पेटीत भरून रवाना करणे.
२९ एप्रिल : पेटी पोहोचली का, फळ कसे आहे, हा फोन.
२ मे : राहिलेले पैसे व फळाबद्दलचे मत विचारणे.

एका गिऱ्हाइकाची पाच कामे झाली. शंभर गिऱ्हाइके धरली तर पाचशे. इतके डोक्यात राहत नाही, आणि राहावे अशी अपेक्षाही करू नये.

काम लिहिताना "पुण्याची पेटी" असे मोघम लिहू नका. "अमक्यांच्या चार डझनांच्या दोन पेट्या रात्रीच्या बसला देणे" असे लिहा. एका कामाला एकाच माणसाचे नाव द्या. दोघांच्या नावावरचे काम कोणाचेच नसते. काढणीची आठवण आदल्या संध्याकाळी वाजेल अशी ठेवा. पहाटे वाजून उपयोग नाही, कारण गडी सांगायचे असतात ते आदल्या दिवशीच.

रात्रीची पंधरा मिनिटे

जेवणे झाली की घरच्यांनी पंधरा मिनिटे एकत्र बसावे. झालेल्या कामांवर खूण करावी. राहिलेल्या प्रत्येक कामाला नवी तारीख द्यावी किंवा ते काढून टाकावे. मागे पडलेली वीस-पंचवीस कामे तशीच साचू दिली, तर आठ दिवसांत कोणी त्या यादीकडे बघेनासे होते. उद्याची कामे पडवीतल्या फळ्यावर खडूने लिहावीत. गड्यांना ती तिथेच दिसतात, आणि रेंज गेली तरी फळा जागेवर असतो.

अवकाळी पाऊस आला, ऊन तापले, तर काढणी पुढेमागे होणारच. अशा वेळी सॉफ्टवेअरमधली तारीख बदलली म्हणजे झाले असे समजू नका. ती बदललेली तारीख गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. म्हणून तारीख बदलताच "फोन करून कळवणे" हे काम त्याच दिवसाला लावा. दोन दिवस आधी कळले तर माणूस समजून घेतो, ऐन पंगतीला कळले तर घेत नाही.

गिऱ्हाइकांचे पत्ते व फोन ही आपल्याकडची ठेव आहे. मोबाईलला कुलूप ठेवा, यादी दुसऱ्या कोणाला देऊ नका आणि तिची एक प्रत वेगळी काढून ठेवा.

त्या सुनेने सॉफ्टवेअरमध्ये पहिले काम लिहिले ते सासऱ्यांच्या नावावर : "पुण्याच्या बाईंना फोन करून चूक कबूल करणे." सासरे दोन दिवस टाळत राहिले. रात्रीच्या बैठकीत सून म्हणाली, "बाबा, एवढं एकच काम मागे राहिलंय." तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला. बाईंनी ऐकून घेतले आणि एक डझन पाठवा म्हणाल्या. तो डझन सांगितलेल्या दिवशी, खायला तयार असा पोहोचला. पुढल्या हंगामात त्यांनी पूर्वीसारख्या पेट्या मागवल्या.

बंधू-भगिनींनो, हे काम ऐन हंगामात सुरू करू नका. झाडाला मोहोर दिसू लागला की दहा जुन्या गिऱ्हाइकांची पाने भरा, त्यांना फोन करून कोणाला कधी फळ हवे ते विचारा आणि फोन ठेवण्यापूर्वी तारीख उलटी मोजून काढणीचा दिवस लिहून टाका. दहा जमले की मग शंभर.