जुन्या लॅपटॉपच्या घरी नवा पाहुणा

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात बिंदुसरा धरणाचं पाली येतं. तिथला माझा पुतण्या बीडला डिप्लोमा करतो. दिवाळीत तो लॅपटॉप घेऊनच माझ्याकडे आला. "काका, कॉलेजात लिनक्स सुरू झालंय. दुकानदार म्हणला, विंडोज काढून फॉरमॅट मारून देतो. मारू का?"

मी त्याला आधी खाली बसवलं. लॅपटॉप २०१४ सालचा, आय-थ्री प्रोसेसरचा, रॅम फक्त ४ जीबी. त्याच लॅपटॉपात त्याच्या वडिलांनी आपल्या डीटीपीच्या दुकानातलं सगळं जुनं काम आणून ठेवलेलं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका. फॉरमॅट मारणं म्हणजे या साऱ्यावर पाणी सोडणं, आणि त्याची काहीच गरज नव्हती.

असे लॅपटॉप आज घरोघरी आहेत. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. चालू स्थितीतली यंत्रं त्यामुळे एका रात्रीत 'जुनी' ठरली. ती भंगारात घालण्याआधी एक मार्ग आजमावण्यासारखा आहे, तो म्हणजे व्हर्च्युअल मशीन.

घर तेच, घरमालकही तोच, फक्त एका खोलीत पाहुणा उतरवायचा. विंडोज आपल्या जागी राहतं. त्याच्यावर व्हर्च्युअलबॉक्ससारखं सॉफ्टवेअर टाकलं की ते एक खोटा संगणक उभा करतं. त्याला स्वतःची रॅम, स्वतःची डिस्क, स्वतःचा पडदा असतो. खरं तर ती डिस्क म्हणजे आपल्याच हार्डडिस्कवरची एक मोठी फाइल. आत बसवलेल्या लिनक्सला वाटतं, सारं यंत्र आपलंच आहे.

कल्पना मुळीच नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्ये मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० आणलं, तेव्हा एकाच यंत्रावर अनेकांना आपापला 'संगणक' मिळू लागला. आपल्या टेबलावरच्या पीसीवर हे व्हीएमवेअरने १९९९ मध्ये आणलं. व्हर्च्युअलबॉक्स जर्मनीतल्या इनोटेक कंपनीचं, २००७ मध्ये मुक्तस्रोत झालेलं. पुढे ते सन कंपनीकडे आणि मग ओरॅकलकडे गेलं. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच या कामाची सोय केली, तेव्हापासून पाहुण्याचा वेग खरा वाढला.

आमचं घोडं नेमकं त्याच सोयीपाशी अडलं. व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत ६४ बिटचा पर्यायच दिसेना, सगळी नावं ३२ बिटची. पुतण्याचा चेहरा पडला. प्रोसेसर चांगला होता, पण बायोसमध्ये ती सोय बंद होती. लॅपटॉप सुरू होताना एफ-२ दाबून बायोसमध्ये शिरलो (काही कंपन्यांत एफ-१० किंवा एफ-१ असतं), 'व्हर्च्युअलायझेशन' चालू केलं, जतन करून बाहेर आलो. यादीत ६४ बिट हजर.

मग रॅमची वाटणी. ४ जीबीतली जवळपास निम्मी विंडोजच खातं. पाहुण्याला दीड जीबी दिली, त्याहून जास्त दिली असती तर दोघंही उपाशी राहिले असते. उबंटूचा नेहमीचा डेस्कटॉप एवढ्यात दमतो, म्हणून डेबियन आणि त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घेतला. डिस्क २० जीबीची, पण 'लागेल तशी वाढणारी'.

दुसऱ्याच दिवशी त्याने चुकीची आज्ञा देऊन लिनक्सच्या अर्ध्या फाइली उडवल्या. आदल्या रात्री मी 'स्नॅपशॉट' घेऊन ठेवला होता. दोन क्लिकमध्ये यंत्र कालच्या स्थितीत आलं, आणि वडिलांच्या पत्रिकांना धक्काही नाही. शिकणाऱ्या पोराला निर्धास्तपणे चुकू देणारी जागा मिळाली, हा या सगळ्यातला मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. लाइट गेली, बॅटरी संपत आली, तर 'सेव्ह स्टेट' दाबायचं. लाइट आली की काम सोडलं तिथूनच पुढे.

हीच युक्ती उलटीही चालते. त्या पत्रिका पेजमेकरमध्ये, जुन्या मराठी फॉन्टांत आहेत. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत, म्हणून नव्या यंत्रावर फाइल उघडली तर नुसता गिचमीड मजकूर दिसतो. उद्या हा लॅपटॉप बंद पडला, तर नव्या यंत्रात जुनं विंडोज पाहुणं म्हणून ठेवून त्या फाइली उघडता येतील आणि मजकूर युनिकोडमध्ये आणता येईल. फक्त त्या जुन्या विंडोजचा परवाना आपल्याकडे हवा, आणि त्याला इंटरनेट जोडायचं नाही. विंडोज एक्सपीचा सांभाळ तर ८ एप्रिल २०१४ लाच थांबला आहे.

याला मर्यादा आहेच. ४ जीबीवर दोन घरं चालवली की दोन्ही सावकाश चालतात. पाहुण्यात व्हिडिओ पाहू नये, गेम तर नकोच. रोजचं कामच लिनक्सवर करायचं असेल तर ते थेट यंत्रावर बसवलेलं बरं. तेही आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतं. कीबोर्ड, वायफाय, आवाज नीट चालतात की नाही, ते डिस्कला हात न लावता कळतं. रॅम ८ जीबी केली आणि जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी लावली, तर हेच यंत्र आणखी काही वर्षं सहज निघेल.

तुमच्याही घरात असा लॅपटॉप असेल तर फॉरमॅटला देण्याआधी त्यातल्या सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवा, आणि उतरवलेल्यातल्या चार-पाच उघडून बघा. तेवढं झाल्याशिवाय तो कुणाच्या हाती देऊ नका.