खलनायक जितका खरा, तितकी गोष्ट मोठी



मुलांना गोष्ट लिहायला सांगितली की त्यातला दुष्ट माणूस कसा असतो? मोठ्या मिशा, लाल डोळे आणि गडगडाटी हसणं. गोष्ट तिथेच फिकी पडते, कारण असा माणूस आपल्याला कधी भेटतच नाही. जुने कृष्णधवल गुन्हेपट आजही मनात का घर करून राहतात, याचं उत्तर त्यांच्या खलनायकांत आहे. दोन उदाहरणं पाहूया.

पहिलं, फ्रिट्झ लांग यांचा १९३१ चा जर्मन चित्रपट 'एम'. लहान मुलांचा खुनी शहरात मोकळा फिरतोय. त्याला पकडण्यासाठी लावलेल्या बक्षिसाच्या जाहिरातीवर एक मुलगी चेंडू आपटत उभी असते. त्याच कागदावर त्याची सावली पडते! तो गोड बोलतो, तिला फुगा घेऊन देतो. खून दाखवलेलाच नाही. घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा, बस्स. पीटर लॉरी यांनी साकारलेला हा माणूस दिसायला अगदी साधा आहे. त्याला शीळ घालायची सवय आहे आणि त्या शिळेवरूनच आंधळा फुगेवाला त्याला ओळखतो. शेवटी, स्वतःला आवरता येत नाही म्हणून तो आक्रोश करतो, तेव्हा त्याची कीव येते आणि त्या कीवेचीच भीती वाटते.

दुसरं, कॅरल रीड यांचा 'द थर्ड मॅन' (१९४९). महायुद्धानंतरचं व्हिएन्ना. हॅरी लाइम पेनिसिलिन पातळ करून काळ्या बाजारात विकतो. जवळपास तासभर आपण त्याच्याबद्दल फक्त ऐकतो. मग अंधाऱ्या दारात, पायाशी मांजर आणि खिडकीतून अचानक आलेल्या उजेडात ऑर्सन वेल्स यांचं मिश्कील हसू दिसतं. तो नायकाचा लाडका मित्र आहे. पण मुलांच्या वॉर्डात त्या औषधाचे परिणाम पाहिल्यावर नायकाला निवड करावीच लागते. खलनायक इतका हवाहवासा नसता, तर ही निवड अवघड झालीच नसती.

कृष्णधवल चित्रणात सावली हेच भीतीचं साधन होतं. न दाखवलेलं प्रेक्षक मनात पूर्ण करतो.

हे चित्रपट मोठ्यांसाठीच आहेत, मुलांना दाखवू नका. पण वर्गात गोष्ट लिहिताना तीन प्रश्न जरूर विचारा:

१. तुमच्या दुष्ट माणसाला काय हवंय?
२. तो कोणाला आवडतो?
३. त्याची एखादी सवय कोणती?

उत्तरं लिहिता लिहिता मिशा आपोआप गळून पडतात.

पालकहो, हा मुद्दा निबंधापुरता नाही. वाईट माणूस वाईटच दिसतो, असं मूल शिकलं तर फुगा देणाऱ्या हसऱ्या काकांपासून ते सावध कसं राहणार? म्हणून मुलांना चेहरा नाही, वागणं ओळखायला शिकवूया. 'आईला सांगू नकोस' असं कोणी म्हटलं, की ते आधी आईलाच सांगायचं.