बाळंतपणानंतरचे लपवलेले दुखणे

खोकला आला, शिंक आली, पाण्याची घागर उचलली की लघवीचे थेंब गळतात. ओटीपोट जड वाटते, अंग खाली सरकल्यासारखे होते. आपल्या घरांतल्या कितीतरी बाया हे वर्षानुवर्षे सोसतात. कोणी तरावीहला उभे राहणे सोडते, कोणी लग्नाला जायचे म्हणून सकाळपासून पाणी पीत नाही. सासूला सांगावे तर उत्तर ठरलेले, ‘‘लेकरे झाली की असे होतेच.’’ होते हे खरे, पण त्यावर इलाजही आहे.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार ती पेलते. गरोदरपणात हा भार वाढतो, प्रसूतीत झोळी ताणली जाते. सिझेरियन झालेल्या स्त्रीलाही त्रास होऊ शकतो. पुढे पाळी बंद होताना इस्ट्रोजेन कमी होते, तिथली त्वचा पातळ व कोरडी पडते आणि थांबलेला त्रास पन्नाशीत परत येतो. भंडारा जिल्ह्यात कामाचीही भर पडते. बाळंतिणीने लवकरच रोवणीला जाऊन परह्यांच्या जड पेंढ्या उचलल्या, त्यात बद्धकोष्ठ किंवा जुना खोकला असला, तर झोळीवर ताण येतच राहतो.

बाया बोलत नाहीत, म्हणून दुखणे नाही असे समजू नये. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के.

या स्नायूंचा व्यायाम अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडला. वायू सरताना आपण तो रोखून धरतो, तसे खालचे स्नायू आत व वर ओढावेत. पाच ते दहा अंक मोजेपर्यंत धरावेत, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावेत. श्वास रोखू नये, पोट आणि मांड्या आवळू नयेत. एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने करावे. फजर, असर आणि इशानंतर मुसल्ल्यावरून उठण्याआधी केले तर विसर पडत नाही. खोकण्याआधी किंवा ओझे उचलण्याआधी हेच स्नायू आवळून घ्यावेत. लघवी करताना मधेच धार अडवून सराव करू नये. पाणीही कमी करू नये. लघवी गडद झाली की जळजळ आणि घाई वाढते.

नॉर्मल प्रसूतीनंतर लघवी नीट होऊ लागली आणि टाके फार दुखत नसले, तर हलका व्यायाम चिल्ल्यातच सुरू करता येतो. आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत बाळ-बाळंतिणीला भेटायला घरी येतात. बाळाचे वजन सांगताना आपला त्रासही त्यांना सांगावा.

नमाजचे काय, ही काळजी अनेकींना असते. थेंब गळला की वुजू तुटतो. स्वच्छता करून पुन्हा वुजू करावा. पण गळती इतकी सतत असेल की एका नमाजच्या पूर्ण वेळेत वुजू करून फर्ज अदा करण्याइतकीही उसंत मिळत नाही, तर हनफी मतानुसार ती स्त्री माजूर ठरते. तिने प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी नवा वुजू करावा आणि नमाज अदा करावी. शंका असल्यास आलिमा किंवा मुफ्तींना विचारावे, पण नमाज सोडून बसू नये.

व्यायाम नीट जमतो की नाही हे फिजिओथेरपिस्ट तपासून सांगतात. काहींचे स्नायू उलट आखडलेले असतात, संबंधाच्या वेळी दुखते; त्यांना आवळण्याऐवजी सैल सोडायला शिकावे लागते. आधी सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात दाखवावे आणि फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी मागावी. नागपूरच्या शासकीय मेडिकलमध्येही ही सोय आहे. तपासणीसाठी स्त्री डॉक्टर हवी, असे मोकळेपणाने सांगावे. अंग थोडे खाली आले म्हणजे गर्भपिशवी काढावीच लागते असे नाही. व्यायाम आणि आधार देणारी रिंग यांनी अनेकींचे भागते. कोरडेपणासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने मलमही मिळते.

मात्र पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेले, लघवी अडली, ताप आला किंवा अवघड बाळंतपणानंतर रात्रंदिवस लघवी वाहू लागली, तर व्यायामात वेळ न घालवता लगेच डॉक्टर गाठावा.

अन्सारी स्त्रिया दीन समजून घेताना लाजत नसत, याचे हजरत आयेशा (रजि.) यांनी कौतुक केले आहे. हया ईमानचा भाग आहे, पण इलाज विचारल्याने ती कमी होत नाही. घरातल्या पुरुषांनीही दवाखान्याला ‘‘आता कशाला?’’ म्हणू नये, आणि बाळंतिणीच्या हातातली भरलेली बादली आपण घ्यावी.