मार्था करुआ आणि केनियाचे ‘भागधारक’

केनियाच्या राजकारणाचा विषय निघाला की ‘टोळ्यांचे जुने वैर’ एवढ्या दोन-तीन शब्दांत तो निकालात काढण्याची आपल्याकडे रीत आहे. हे निदान सोयीचे असले तरी त्यात तथ्य फारसे नाही. केनियात ज्याला टोळीवाद म्हणतात तो मुख्यतः जमीन, सरकारी पदे आणि खजिना यांच्या वाटपाचा प्रश्न आहे. मार्था करुआ या महिला वकिलाची तीन दशकांहून अधिक काळाची राजकीय वाटचाल पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते.

सन १९५७ मध्ये जन्मलेल्या करुआ किरिन्यागा या डोंगराळ भागातील किकुयू समाजाच्या. काही वर्षे दंडाधिकारी म्हणून काम केल्यावर १९८७ मध्ये त्यांनी स्वतंत्र वकिली सुरू केली. मोई यांच्या एकपक्षीय राजवटीत राजद्रोहाचे आरोप असलेल्यांची वकीलपत्रे घेणे हे धाडसाचे काम होते. ते त्यांनी केले. १९९२ मध्ये बहुपक्षीय निवडणुका पुन्हा सुरू झाल्या तेव्हा गिचुगू मतदारसंघातून त्या संसदेत गेल्या आणि २०१३ पर्यंत तेथे राहिल्या. किबाकी यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी प्रथम जलखाते आणि नंतर न्यायखाते सांभाळले.

आता ज्या भूमीवर हे राजकारण उभे आहे तिच्याकडे पाहू. ब्रिटिशांनी उंच पठारावरील सुपीक जमिनी गोऱ्या मळेवाल्यांना दिल्या आणि एकेका जमातीला वेगळ्या राखीव प्रदेशात कोंडले. १९६३ मध्ये स्वातंत्र्य आले. गोऱ्यांच्या जमिनी विकल्या जाऊ लागल्या, आणि रिफ्ट व्हॅलीतील बऱ्याच जमिनींवर किकुयू कुटुंबे वसली. कालेंजिन आदी स्थानिक समाज त्या जमिनी वडिलोपार्जित मानत होते. जमीन कोणाला मिळणार, अधिकारी कोण होणार, रस्ता कोठून जाणार, हे ठरविण्याची सत्ता एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या हाती एकवटली. चाळीसहून अधिक समाजांच्या या देशाला आजवर लाभलेले पाचही राष्ट्राध्यक्ष किकुयू व कालेंजिन या दोनच समाजांतले आहेत. वास्तविक सर्वांत मोठा किकुयू समाजदेखील २०१९ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येच्या सुमारे १७ टक्केच भरतो. म्हणजे एकट्याच्या बळावर कोणीच जिंकू शकत नाही. समाजांच्या मतांच्या मोटा बांधाव्याच लागतात. आपल्याकडील जातवार मतांची गणिते ठाऊक असलेल्या वाचकाला यात काही अपरिचित वाटू नये.

डिसेंबर २००७ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर या व्यवस्थेची किंमत केनियाला मोजावी लागली. अकराशेहून अधिक माणसे मारली गेली, सुमारे सहा लाख बेघर झाली. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने झालेल्या वाटाघाटींत करुआ किबाकी यांच्या बाजूच्या अग्रणी होत्या, आणि किबाकींच्या विजयाचे त्यांनी हिरिरीने समर्थन केले. कायद्याचा अभिमान बाळगणारी व्यक्तीही सत्तेच्या गोटात असताना आपल्या समाजाच्या गोटातली ठरते, हे त्या वेळी दिसले. मात्र एप्रिल २००९ मध्ये, आपल्याला न विचारता न्यायाधीशांच्या नेमणुका झाल्या म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडले. मंत्रिपद सहसा कोणी सोडत नाही. म्हणून या राजीनाम्याचे मोल अधिक.

सन २०१० च्या राज्यघटनेने ४७ परगणे निर्माण केले आणि अधिकारांची थोडी वाटणी केली. विजयी राष्ट्राध्यक्षाला निम्म्याहून अधिक मते आणि किमान २४ परगण्यांत प्रत्येकी एक चतुर्थांश मते मिळालीच पाहिजेत, अशी अटही घातली. हेतू चांगला होता. पण २०१३ मध्ये किकुयूंचे उहुरू केन्याटा आणि कालेंजिनांचे विल्यम रुटो यांनी हातमिळवणी केली आणि पाच वर्षांपूर्वी परस्परांविरुद्ध शस्त्रे उचललेले दोन समाज एका निशाणीखाली आले. वैर खरोखर पुरातन असते तर ते एका करारात विरघळले नसते. त्याच निवडणुकीत आठ उमेदवारांतील एकमेव स्त्री असलेल्या करुआंना अर्धा टक्काही मते पडली नाहीत.

मे २०२२ मध्ये राइला ओडिंगा या लुओ नेत्याने त्यांना उपराष्ट्राध्यक्षपदासाठी निवडले. मोठ्या आघाडीने त्या पदासाठी स्त्री उभी करण्याचा हा पहिला प्रसंग होता. तथापि हिशेब वेगळा होता: करुआ माउंट केनिया भागातील किकुयू मते आणतील. रुटो यांनीही त्याच भागातील रिगाथी गचागुआ यांना सोबत घेतले. मते गेली रुटोंकडे, खुद्द किरिन्यागातही. ५०.४९ विरुद्ध ४८.८५ टक्के असा निकाल लागला. ज्या मतदारांनी करुआंना दोन दशके संसदेत पाठविले, त्यांना सत्तेतील वाटा दुसऱ्या बाजूला अधिक खात्रीचा वाटला.

पुढे उपराष्ट्राध्यक्ष गचागुआ यांनी सरकारला कंपनीची उपमा देऊन, ज्यांनी मते दिली ते भागधारक, त्यांचा लाभ आधी, असे उघड सांगितले. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाभियोगाने त्यांना पद गमवावे लागले. त्यांच्यावरील आरोपांत या उद्गारांचाही समावेश होता. पण ते बोलले ते व्यवस्थेचेच मर्म होते. नफा वाटणाऱ्या कंपनीत भाग नसणाऱ्याला कोण विचारतो?

याला उतारा कोणता? जून २०२४ मध्ये नव्या करांविरुद्ध तरुण रस्त्यावर आले तेव्हा आपल्याला जमात नाही, असे ते सांगत होते. सरकारला वित्त विधेयक मागे घ्यावे लागले. पण त्यासाठी अनेकांना प्राण गमवावे लागले. याचा अर्थ अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज उमगावा. खजिन्यातून मिळणारा लाभ समाजागणिक वाटता येतो. पिठावरचा आणि इंधनावरचा कर मात्र सर्वांना सारखाच बोचतो. लाभार्थी म्हणून विभागलेली माणसे करदाते म्हणून एकत्र येऊ शकतात. खजिन्याच्या किल्ल्या एकाच हाती राहिल्या तर करुआंसारख्या व्यक्तीची किंमत तिच्या समाजाच्या मतांइतकीच ठरत राहील. घटनेतील कलमे आवश्यकच आहेत. पण हिशेब मागणारा नागरिक उभा राहिल्याखेरीज ती कागदावरच राहतात.