‘थायमोमा?’ मधलं प्रश्नचिन्ह

सीटीच्या रिपोर्टवर ‘अँटिरिअर मेडियास्टायनल मास, थायमोमा?’ असं छापून आलं, की वणी असो की उमरखेड, घरात पहिला शब्द निघतो तो कॅन्सरचा. शेवटचं प्रश्नचिन्ह कोणी वाचत नाही.

छातीच्या मधल्या हाडामागे, म्हणजे रिपोर्टातल्या ‘अँटिरिअर मेडियास्टायनल’ भागात, हृदयाच्या वरच्या अंगाला, थायमस ग्रंथी असते; थायमोमा ही तिचीच गाठ. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी तिथं तयार होऊन बाहेर पडतात. तान्ह्या बाळात ती इतकी मोठी असते, की एक्सरेतली तिची त्रिकोणी सावली न्यूमोनिया किंवा गाठ समजली जाते. हा घोळ जुना आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ‘वाढलेली’ थायमस हाच आजार मानून बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडले गेले. त्यांतल्या काहींना पुढे थायरॉइडचा कॅन्सर झाला.

मोठेपणी ही ग्रंथी नाहीशी होते, हेही अर्धंच खरं. वयात आल्यावर ती आकसते, जागी चरबी भरते. पण मोठ्या आजारातून किंवा केमोथेरपीतून सावरताना पुन्हा फुगू शकते. लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या पोराच्या सीटीत ती दिसली, की कॅन्सर उलटला असं वाटून सगळे हादरतात.

अशा वेळी एमआरआय सुचवला, की प्रश्न येतो: ‘एमआरआय मेंदूचा नि मणक्याचा, छातीचा कुठं असतो?’ असतो. पूर्वी श्वासानं आणि ठोक्यानं चित्र हलायचं. आता काही सेकंद श्वास रोखला की भागतं. एकाच जागेची दोन चित्रं घेतात. एकात चरबी आणि पाणी यांचे सिग्नल बेरजेत येतात, दुसऱ्यात वजाबाकीत; 1.5 टेस्लाच्या मशीनवर दोहोंत अंतर जेमतेम 2 मिलिसेकंदांचं. फुगलेल्या निरोगी थायमसमध्ये चरबी मिसळलेली असते, म्हणून दुसऱ्या चित्रात ती काळवंडते. थायमोमा सहसा तसाच राहतो. यासाठी डायचं इंजेक्शनही लागत नाही. मात्र तरुणांच्या निरोगी ग्रंथीतही चरबी कमी असते, तिथं हे गणित फसू शकतं.

पाण्याच्या गाठीत, म्हणजे सिस्टमध्ये, रक्त किंवा प्रथिनं असली तर सीटीत ती भरीव वाटते आणि नाहक ऑपरेशन होतं. माझ्या मते एमआरआयचा खरा फायदा इथंच आहे: डाय दिल्यावरही आतला भाग उजळत नाही, आणि उलगडा होतो.

म्हणून काही एमआरआय सर्वज्ञ ठरत नाही. फुफ्फुस आणि कॅल्शियम यांसाठी सीटीच सरस. लिम्फोमा की आपल्याकडे नेहमी सापडणाऱ्या टीबीच्या गाठी, हे ठरवायला बहुधा सुईनं तुकडा काढावाच लागतो.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. धोका असतो लोखंडाचा: पदराची सेफ्टी पिन, करदोट्याला बांधलेली किल्ली. पेसमेकर असेल तर नंबर लावतानाच सांगा. आणि यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा, सेवाग्रामला किंवा नागपूरला, जुन्या सीटीची सीडी सोबत न्या. गाठ वाढली की तशीच आहे, हे नुसत्या रिपोर्टच्या कागदावरून कळत नाही.