खर्जाचा मेळावा

तंबोऱ्याच्या चार तारांपैकी शेवटची तार खर्जाची. मैफल संपवून घरी निघालेल्या श्रोत्याला गायकाची तान आठवते, तबल्याची तिहाई आठवते. खर्जाची तार कशी वाजली हे मात्र कोणी विचारत नाही. ती उतरली, तरच तिच्याकडे लक्ष जाते. पाश्चात्य वाद्यवृंदात ट्यूबा आणि युफोनियम या पितळी वाद्यांची स्थिती काहीशी अशीच आहे. या वाद्यांच्या वादकांचा नाताळच्या दिवसांत दरवर्षी एक मेळावा भरतो. त्याचे नाव 'ट्यूबाख्रिसमस'. काही वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला शिकत असताना मला या मेळाव्यात वाजवण्याची संधी मिळाली. विद्यार्थी मित्रांना त्याची माहिती द्यावी, म्हणून हा लेख.

प्रथम वाद्यांविषयी. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रामुळे बेळगावकरांना पितळी वाद्ये नवीन नाहीत. लग्नाच्या वरातीतही ती आपण ऐकतो. नळीची लांबी दुप्पट केली की स्वर एक सप्तक खाली जातो, हा पदार्थविज्ञानातील साधा नियम येथे लागू पडतो. युफोनियमची नळी उलगडली तर सुमारे ९ फूट भरते. त्याच स्वराच्या मोठ्या ट्यूबाची नळी सुमारे १८ फूट असते. एवढी नळी हातात धरता यावी म्हणून ती वेटोळी करतात. बोटांखालचा व्हॉल्व्ह दाबला की हवेच्या वाटेत जादा नळी जोडली जाते व स्वर उतरतो. दुसऱ्या व्हॉल्व्हने अर्धा स्वर, पहिल्याने एक आणि तिसऱ्याने दीड. बाकीचे काम ओठांचे.

ट्रम्पेटची नळी बरेच अंतर सारख्याच रुंदीची असते, म्हणून त्याचा आवाज धारदार येतो. ट्यूबा व युफोनियम यांची नळी मात्र कर्ण्याकडे हळूहळू रुंदावत जाते, त्यामुळे त्यांचा आवाज गोल व मऊ लागतो. ट्यूबा हे वाद्य वयाने लहान आहे. बर्लिनमध्ये वीप्रेष्ट व मोरिट्झ या दोघांनी १२ सप्टेंबर १८३५ रोजी त्याचे पेटंट घेतले. व्हायोलिन तेव्हा तीनशे वर्षांचे झाले होते. साहजिकच थोर रचनाकारांनी ट्यूबासाठी स्वतंत्र असे फारसे लिहिले नाही. इतरांच्या सुरांना खालून आधार द्यायचा, हेच त्याच्या वाट्याला आले.

आता मेळाव्याची कथा. विल्यम बेल हे अमेरिकेतील नामवंत ट्यूबावादक. त्यांचा जन्म १९०२ साली नाताळच्याच दिवशी, २५ डिसेंबरला झाला. तोस्कानिनींच्या वाद्यवृंदात व पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये त्यांनी वाजवले आणि अखेरची वर्षे इंडियाना विद्यापीठात अध्यापन केले. १९७१ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी त्यांचेच शिष्य हार्वे फिलिप्स आले. गुरूचे ऋण कसे फेडावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी पुतळा उभारला नाही. गुरूच्या वाढदिवसाच्या सुमारास सगळ्या ट्यूबावाल्यांना एकत्र बोलावून नाताळची गीते वाजवायची, असे त्यांनी ठरवले.

न्यूयॉर्कमधील रॉकफेलर सेंटरकडे त्यांनी जागा मागितली, तेव्हा शेकडो ट्यूबा ही कल्पना ऐकून पलीकडचा अधिकारी गप्पच झाला, असे सांगतात. मग फिलिप्स यांनी लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्यासारख्या काही थोर संगीतकारांचे दूरध्वनी क्रमांक दिले. थोड्याच वेळात होकार आला. रविवार, २२ डिसेंबर १९७४ रोजी तेथील स्केटिंगच्या रिंगणात तीनशेहून अधिक वादक जमले. पॉल लावाल यांनी संचालन केले. गीतांची मांडणी अलेक वाइल्डर यांनी करून दिली होती. पुढे १९८० साली नाताळच्या आदल्या दिवशीच वाइल्डर यांचे निधन झाले. फिलिप्स २०१० साली गेले, परंतु मेळावा थांबला नाही. आज तो अमेरिकेतील अनेक शहरांत भरतो. निवड-चाचणी नसते. नाममात्र शुल्क भरावे, स्वरलिपीचे पुस्तक घ्यावे, थोडी तालीम करावी आणि वाजवावे.

मी तेथे कसा पोचलो, हेही सांगितले पाहिजे. माझे थोरले काका, तात्या, लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम वाजवीत. शाळेत असताना त्यांनीच मला परसात बसवून ते शिकवले. कॉलेजात असताना एका मित्राकडच्या वरातीत ते लाल डगला घालून शेवटच्या रांगेत वाजवीत होते. मित्राने विचारले, "तो म्हातारा काय फुंकतोय रे?" मी म्हणालो, "कुणास ठाऊक!" तात्या चार हातांवर होते. त्यांनी ऐकले की नाही, हे मला कधीच कळले नाही. रात्री घरी त्यांनी एवढेच विचारले, "जेवलास का?"

न्यूयॉर्कला जाताना त्यांचा माउथपीस मी बरोबर नेला होता. तात्या तोवर गेले होते. विद्यापीठाच्या बँडकडून उसन्या मिळालेल्या युफोनियमला तो बसेना. त्याचा दांडा बारीक होता, आत घसरून डुगडुगू लागला. थंडीत धातू ओठांना चटका देतो, म्हणून वादक माउथपीस खिशात ऊबेला ठेवतात. मी एका खिशात माझा ठेवला, दुसऱ्यात तात्यांचा.

रिंगण रस्त्याच्या पातळीहून खाली आहे. वर भला मोठा नाताळवृक्ष, कठड्याला टेकलेली गर्दी, आणि खाली आम्ही. कोणी ट्यूबाला रंगीत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या, कोणी कर्ण्यावर लाल टोपी चढवली होती. गार हवेत ध्वनीचा वेग घटतो आणि स्वर उतरतो. वर्गात मी हे नेहमी शिकवतो, पण त्या दिवशी ते कानांनी अनुभवले. संचालकांनी हात वर केला आणि 'सायलेंट नाइट' सुरू झाले. शेकडो पितळी वाद्ये म्हणजे कानठळ्या बसतील, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात आवाज इतका मऊ होता की वरचे लोक गुणगुणू लागले, तेही आम्हांला ऐकू आले. येथे खर्जावर चढवायला दुसरा सूर नव्हता. मुख्य चालही आमचीच होती.

दोन गीतांच्या मधल्या वेळात शेजारच्या शाळकरी मुलीने विचारले, "तुम्हाला कोणी शिकवलं?"

"माझ्या काकांनी," मी म्हणालो. "ते लग्नाच्या बँडमध्ये होते."

तिला त्यात काहीच विशेष वाटले नाही. "माझ्या आजोबांनी मला," असे म्हणून तिने पान उलटले. हेच उत्तर मला एकदा बेळगावात देता आले असते, आणि ते ऐकायला तात्या चार हातांवर उभे होते.

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी वरात दारावरून जाईल तेव्हा क्लॅरिनेटवाल्याला दाद अवश्य द्या. पण बँड पुढे निघून गेला की लगेच आत वळू नका. शेवटची रांग अजून यायची असते.