घाम आणि नाडी यांचे एकत्रित मापन : अंगावर धारण करावयाचे संवेदक

प्रस्तावना

महाड व पोलादपूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. उन्हाळ्यात सावित्रीच्या खोऱ्यात घाम येतो, पण दमट हवेत तो लवकर वाळत नाही. शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. एक लिटर घामाचे बाष्पीभवन होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. नुसता निथळलेला घाम शरीरातील पाणी व मीठ तेवढे नेतो. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघर येथील महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यास आलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने मृत्युमुखी पडले. शरीरावरील असा ताण वेळीच ओळखता येईल काय, या प्रश्नाच्या संदर्भात घाम व नाडी एकत्र मोजणाऱ्या संवेदकांचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संवेदकांचे कार्य

मनगटी घड्याळातील संवेदक त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो. रक्तातील हिमोग्लोबिन तो शोषून घेते; प्रत्येक ठोक्यागणिक परत येणाऱ्या प्रकाशात चढउतार होतो व त्यावरून नाडी मोजली जाते. घामातील सोडियमसाठी त्याच आयनाला प्रतिसाद देणारा विद्युतअग्र वापरतात. लॅक्टेटसाठी अग्रावर विकर बसवलेले असते; अभिक्रियेतून निर्माण होणारा विद्युतप्रवाह लॅक्टेटचे प्रमाण दर्शवितो.

जानेवारी २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील अली जावे यांच्या गटाने घामातील ग्लुकोज, लॅक्टेट, सोडियम व पोटॅशियम आणि त्वचेचे तापमान एकाच वेळी मोजणारा पट्टा सादर केला. त्याच वर्षी सॅन डिएगो येथील जोसेफ वांग व पॅट्रिक मर्सियर यांच्या गटाने छातीवर चिकटवावयाच्या पट्टीत लॅक्टेट व हृदयाचा विद्युतआलेख यांची सांगड घातली. घाम स्वतः विद्युतवाहक असल्याने एका मापनाचा दुसऱ्यात व्यत्यय येण्याची भीती होती. हृदयाचे अग्र ४ सेंटिमीटर अंतरावर ठेवून व मध्ये जलरोधक थर देऊन ती अडचण दूर करण्यात आली.

एकत्रित मापनाची आवश्यकता

रायगडाच्या पायऱ्या चढताना नाडी जलद होतेच. ती श्रमामुळे, उष्णतेमुळे की पाणी कमी झाल्यामुळे, हे नाडी सांगत नाही. घामावाटे पाणी गेले की रक्ताचे आकारमान घटते आणि तेवढ्याच कामासाठी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. चाल तीच असून नाडी चढत राहिली आणि घामाचे मापनही मोठी घट दाखवीत असले, तर थांबण्याची वेळ आली असे समजावे.

उलटपक्षी, घामाचा आकडाही एकटा फसवा ठरतो. घर्मग्रंथीत तयार होणारा स्राव नलिकेतून वर येताना त्यातील सोडियम काही प्रमाणात परत शोषले जाते. घाम वेगाने वाहू लागला की शोषणास अवधी मिळत नाही व सोडियमचे प्रमाण वाढलेले दिसते. म्हणून घामाचा वेग मोजल्याशिवाय प्रमाणाचा अर्थ लागत नाही.

मर्यादा

घामातील लॅक्टेट म्हणजे रक्तातील लॅक्टेट नव्हे. घर्मग्रंथी स्वतःही ते निर्माण करतात. श्रमजन्य उष्माघातात घाम चालूच राहू शकतो, त्यामुळे घाम येत आहे म्हणजे धोका नाही, असे मानणे चूक ठरेल. सॅन डिएगोच्या पट्टीची चाचणी जागेवरच्या सायकलवर, मोजक्या व्यक्तींवर झाली होती. डोक्यावर भारा घेऊन घाट चढणारी स्त्री किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीतील बॉयलरजवळचा कामगार यांना ते निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. शिवाय कामगाराच्या शरीराचे आकडे त्याला विश्रांती मिळावी म्हणून वापरले जावेत, कामावरून कमी करण्यासाठी नव्हे, ही दक्षता आधीच घ्यावयास हवी.

समारोप

संवेदक हाती येईपर्यंत यामागील तत्त्व मात्र आजही उपयोगात आणता येते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या गडमोहिमेपूर्वी व नंतर विद्यार्थ्यांचे वजन करावे, प्यालेले पाणी व लघवी हिशेबात धरावी. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर घाम. थोड्याथोड्या अंतराने मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र व शारीरिक शिक्षण या विभागांनी मिळून अशा नोंदी ठेवल्यास या दमट खोऱ्याची स्वतःची आकडेवारी तयार होईल. तथापि सावली, पाणी आणि विश्रांती यांची जागा कोणताही संवेदक घेऊ शकत नाही. त्या केव्हा द्याव्यात, एवढेच तो सांगू शकतो.